गालातली सुपारी

इस्तारी वस्ताद कुणाला मेहनत शिकवायला उभा राहिला, की आधी एक अख्खी सुपारी गालात धरायचा. चघळायची नाही, फोडायची नाही, नुसती धरायची. मेहनत संपली की ती बाहेर काढायची, पंच्याच्या टोकाला पुसायची आणि कनवटीला लावायची. एकच सुपारी त्याला पंधरा-वीस दिवस पुरत असे. बरं, त्याला पानाचा नाद होता म्हणावं तर तेही नाही. लग्नाकार्यात कुणी विडा पुढे केला तर तो लांबूनच हात जोडायचा. पण शिकवताना उजवा गाल फुगलेला असायचाच. त्यामुळे आमच्या मुलखात हा एकच वस्ताद असा होता, की जो शागिर्दाशी अवाक्षर बोलत नसे. दोन भुवया, दोन हात आणि 'हूं' नि 'अंहं' हे दोन आवाज, एवढ्या भांडवलावर त्याचं सगळं शास्त्र चालायचं.

आखाड्याच्या भाषेत व्यायामाला मेहनत म्हणतात. मी शाळामास्तर, त्यामुळे मला 'व्यायाम' हाच शब्द शुद्ध वाटायचा. पण वस्तादाच्या हाताखाली चार दिवस काढल्यावर शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न मागे पडला आणि श्वासाचा प्रश्न पुढे आला.

तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. गोरेगावपासून तीन कोसांवरच्या एका गावी माझी नेमणूक झाली होती. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली धानाच्या बांद्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, बांद्यांपलीकडे जंगल. मी वर्ध्याकडचा, ज्वारीवर वाढलेला. तीन वेळा भात खाऊन माणूस जगतो यावर माझा विश्वास नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात हिवतापानं मला धरलं ते दिवाळीपर्यंत सोडलं नाही. ताप गेला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. शाळेला पायऱ्या चार, आणि दुसरीवरच मला बसावं लागे. गोंदियाच्या डॉक्टरानं क्विनाइनची बाटली दिली आणि सांगितलं, हवा बदला, नाहीतर रोज व्यायाम करा. हवा बदलायची तर नोकरी सोडावी लागली असती, म्हणून मी नाइलाजानं व्यायामाकडे वळलो. रोज सकाळी दार लावून दहा जोर काढायचे ठरवलं. तीन दिवसांत मिळून सात काढले आणि आठव्याला मला झोप लागली.

वस्तादाची नि माझी गाठ पडली ती दिवाळीनंतरच्या मंडईत. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दूरदूरचे पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि दंडार होते. दंडार म्हणजे ढोलकीच्या ठेक्यावर पुरुषमंडळींनी धरलेला नाच, मधून सोंगं. मी मास्तर असल्यामुळे गर्दीत न घुसता मोहाच्या झाडाखाली हाताची घडी घालून, नापसंती दाखवत उभा होतो. तेवढ्यात एक पन्नाशीचा, नावापुरतीच मान असलेला, रुंद गडी माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या पायांकडे टक लावून बघू लागला. हाही त्याचा एक विशेष. तो माणसाच्या तोंडाकडे बघतच नसे. एकदा बैलगाडीच्या आडून फक्त माझे पाय दिसत असताना त्यानं 'राम राम मास्तर' घातल्याचं मला आठवतं.

"तोंड मोठं बेइमान असते," तो माझ्या पायांना म्हणाला. "पाय इमानदार. मानूस विसरला का आंग खरं बोलते. तुमचं तोंड म्हनते मी मास्तर आहो, अन् पाय पाहा काय म्हनून राहिले."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय ढोलकीबरोबर ठेका धरून होता. मी तो ताबडतोब थांबवला, तर डावा सुरू झाला.

"उद्यापासून माह्या आंगनात या. ह्या पायायले अर्धा घंटा त्यायच्या मनासारखं करू द्या. हासून केली त मेहनत, रडून केली त सजा."

हे त्याचं ब्रीदवाक्य. बाजारात, पाणवठ्यावर, मयतीला जमलेल्या माणसांतसुद्धा तो ते ऐकवायचा. आणि ऐकणारे मान डोलवून, तो चार पावलं पुढे गेला की एकमेकांना डोळे घालायचे. त्यालाही कारण होतं आणि ते अवघ्या गावाला ठाऊक होतं.

इस्तारी पूर्वी शेजारच्या गावी मालगुजाराच्या आखाड्यात वस्ताद होता. वीस वर्षं. तेव्हाचा इस्तारी निराळाच. हातात छडी, डोळ्यांत जाळ. सगळ्या गड्यांना एका रांगेत उभं करायचा आणि खणखणीत आवाजात मोजायचा. तीनशे बैठकांतल्या दोनशे नव्व्याण्णव झाल्या आणि एखादा डगमगला, तर अख्ख्या रांगेला पुन्हा एकपासून. मग एका श्रावणात त्याची बायको भागरता भर रोवणीत चिखलात कोसळली. रोवणी म्हणजे धानाची रोपं उपटून बांदीत एकेक करून लावायचं काम; बायांच्या रांगा कमरेत वाकून गाणी म्हणत मागे मागे सरकतात. भागरता त्या रांगेची म्होरकी. तिचा हात आणि तिचं गाणं, दोन्हींची बरोबरी पंचक्रोशीत नव्हती, असं जुन्या बाया सांगायच्या. त्या दिवशी तिची उजवी बाजू लकव्यानं गेली. वैद्यानं सांगितलं, तेल चोळा, हातपाय हलते ठेवा, पण फार आशा नको.

इस्तारीनं आशेचा प्रश्नच ठेवला नाही. बाजेवर बसवून त्यानं तिची मेहनत सुरू केली, आखाड्यात करत होता तशीच. हात उचल, एक. हात उचल, दोन. बाई रडत रडत महिना-दीड महिना करत राहिली. मग एक दिवस म्हणाली, "मी का तुमच्या आखाड्यातला गडी आहो का?" आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती हात उचलेना, गाणं तर सोडाच, कुणाशी धड बोलेनाही.

होळीच्या आधी इस्तारीनं छडी मालगुजाराच्या ओसरीवर नेऊन ठेवली आणि जाहीर केलं, की यापुढे मी एकेकट्याचा वस्ताद. जसा गडी तशी त्याची मेहनत. घरी जाऊन माणूस बघणार आणि त्याच्या अंगाला काय आवडतं ते शोधून काढणार. त्याच आठवड्यात भरबाजारात वैद्याच्या तोंडावर त्यानं शब्द दिला, "पुढच्या रोवणीले भागरता बांदीत उतरंल." पुढची रोवणी आली आणि गेली, भागरता बाजेवरच. तरी तो म्हणायचा, पुढच्या रोवणीले. तेव्हापासून गावात कुणी होणार नाही अशी गोष्ट बोलला, की लोक म्हणायचे, वस्तादाच्या रोवणीला होईल.

"बायको बाजेवर पडून आहे," असं मला शाळेच्या शिपायानं सांगितलं, "अन् हा घरोघर लोकायचे पाय पाहत फिरून राहिला." मलाही ते पटलं. घरचं दुःख बघवत नाही म्हणून माणूस बाहेर रमतो, असा मी शेरा मारला. मास्तरकीत शेरे मारायची सवय लागते.

तरी मी गेलो. त्याचं आंगण सारवलेलं, स्वच्छ. मी पोचलो तेव्हा वस्ताद आतली बाज ओढून दारात आणत होता. बाजेवर भागरता. वाळलेली, पदर कपाळापर्यंत, तोंड आत. परक्या बाईसमोर नाचायचं म्हटल्यावर माझे पाय जमिनीला चिकटले. मी म्हटलं, बाज आतच असू द्या की. तो म्हणाला, तिला उजेड लागतो. बाजेशेजारी एक अडगळीचा ढीग होता: अर्धवट विणलेलं मासे धरायचं जाळं, ताक घुसळायची रवी, मूठभर चिंचोके, एक लहानसं जातं, फुटकी टिमकी. मला वाटलं, घरात बाई उभी नाही म्हणजे असंच होणार.

वस्तादानं सुपारी गालात धरली, ढोलकी मांडीवर घेतली आणि भुवईनं मला खूण केली. मी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मी जन्माचा मास्तर. पाऊल टाकलं की तोंडातून आकडा निघतो. "एक, दोन, तीन..." मी चौथ्याला पोचायच्या आत ढोलकी बाजूला पडली आणि वस्तादाचा मुद्गल फिरवणारा हात माझ्या तोंडावर बसला. त्यानं डोळे वटारले, 'अंहं' म्हटलं आणि हात काढला. इथे मोजायचं नाही, एवढं मला समजलं. का, ते समजलं नाही. पाढ्यांवर पोट असलेल्या माणसाला हा जरा अपमानच वाटला.

पण खोटं कशाला सांगू, आठवडाभरात मी त्या अर्ध्या तासाची वाट बघायला लागलो. दहा जोर काढताना झोपणारा मी, घामानं निथळून गेलो तरी थांबावंसं वाटेना. महिन्याभरात शाळेच्या चारही पायऱ्या एका दमात चढलो आणि वर जाऊन मागे वळून त्यांच्याकडे रागानं पाहिलं.

माझ्याच वेळेला हिरालाल सेठ यायचा. सेठचं गोंदियाला मोठं दुकान, आमच्या गावी धान खरेदीची गादी. गादीवर तो बसला की उठवायला दोन माणसं लागत. वस्तादानं त्याचे पाय पाहिले, पण ते पोटाखाली दिसेनात. म्हणून तो दोन दिवस गादीसमोर बसून सेठचे हात बघत राहिला. सेठचं सगळं अंग झोपलेलं असायचं, पण गुळाच्या ढेपेवर माशी बसली की उजवा हात विजेसारखा सुटायचा. वस्ताद खूश झाला. त्यानं आपल्या आंगणात दोन पायल्या धान वाळत घातलं, सेठच्या हातात लांब वेळू दिला आणि कोपऱ्यात बसवलं. चिमण्या आल्या, शेजारच्या कोंबड्या आल्या. सेठ पहिल्या दिवशी बसूनच वेळू हलवत होता. चौथ्या दिवशी उभा राहिला. पंधराव्या दिवशी एका हातानं धोतर धरून, "हट! हट! हरामखोर, फिर आ गई!" असं ओरडत तो एका कोंबडीमागे आंगणाला तीन फेरे घालताना मी डोळ्यांनी पाहिला. ती एकच कोंबडी होती, आणि ती मुद्दाम येते असं त्याचं ठाम मत होतं. "मास्तरजी, ये मुर्गी से मेरा पुराना हिसाब है," तो धापा टाकत मला सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आधी हजर व्हायचा. त्याची बंडी दोनदा आत घ्यावी लागली.

पौषात वस्तादानं माझी मेहनत बदलली. आंगणाच्या मागच्या अंगाला, दारातून सरळ दिसेल अशा जागी, त्यानं जमीन खणून, पाणी घालून, चार बाजा मावतील इतका चिखल केला आणि मला खूण केली: यात नाच. चिखलात पाय उचलायला दुप्पट बळ लागतं, हे शास्त्र मला पटलं. थंडीचे दिवस, चिखल रोज सुकायचा. वस्ताद रोज सकाळी तलावावरून कावडीनं पाणी आणून तो ओला करायचा. एक दिवससुद्धा त्यानं चुकवला नाही.

तिसऱ्या दिवशी मी पडलो. पडणं तसं साधंच होतं. उजवा पाय पुढे गेला, डावा मागे राहिला आणि मी चिखलात बसलो. मग सावरायला गेलो तो तोंडावर पडलो. उठून पाहतो तर टोपी नाही. ती चिखलात होती आणि मी तिच्यावर उभा होतो. तेव्हा दारातून एक आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग उघड हसण्याचा. तोंड आंगणाकडे वळवून भागरता हसत होती.

वस्तादानं येऊन मला हात द्यायला हवा होता. तो माझ्याकडे बघतही नव्हता. ढोलकी तशीच टाकून तो दाराकडे बघत उभा होता, तोंड उघडं. मग त्यानं गालातली सुपारी काढली, जी तो मेहनतीत कधी म्हणजे कधी काढत नसे, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मास्तर, आनखी एक डाव पडता का?"

मी टोपी उचलली आणि घरी गेलो. दोन दिवस फिरकलो नाही. मी शिकलेला, सरकारी पगाराचा माणूस. मला चिखलात पाडून बायकोचं मनोरंजन करतो म्हणजे काय? तिसऱ्या दिवशी सकाळी, हे त्याला तोंडावर सुनवायचं म्हणून निघालो. तो तलावाच्या पाळीवर भेटला. खांद्यावर कावड, दोन्ही घागरी तुडुंब. मी बोलायला लागलो तर त्यानं कावड खाली ठेवली आणि माझ्या पायांकडे नाही, पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमी पडले ना, तवा तिचं बोट हाललं."

"कुणाचं?"

"भागरताचं. उजव्या हाताचं. अडीच साल मेलेलं बोट." त्यानं आपल्याच उजव्या हाताचं बोट वर करून दाखवलं. "बाईमानूस हासलं का पदर तोंडाले लावते. तिले हासू आलं अन् ते विसरली, का आपला हात मेला आहे. पदर धराले बोट निघालं. मी तुमाले नाही पाहून राहिलतो मास्तर, मी ते बोट पाहून राहिलतो."

मग त्यानं बाकीचं सांगितलं. त्या अडगळीच्या ढिगातली एकेक वस्तू म्हणजे त्यानं तिच्यासाठी शोधलेली एकेक मेहनत होती. जाळं विणायला देऊन पाहिलं, रवी दिली, चिंचोके खेळायला दिले, टिमकी वाजवायला दिली. तिनं कशालाच हात लावला नाही. बायकोच्या अंगाला काय आवडतं हे वीस वर्षं वस्तादकी करून आपल्याला ठाऊक नाही, याची त्याला लाज वाटली. म्हणून तो घरोघर माणसं बघत फिरला. कुणाचं अंग कशानं खुलतं ते शिकत होता आणि घरी येऊन तिच्यावर करून बघत होता.

मी सुपारीचं विचारलं.

"मोजलं का ते भिंतीकडं तोंड करते," तो म्हणाला. "अन् मले वीस सालाची सवय. कोनी हात वर केला का माह्या तोंडातून एक निघतेच. लय डाव निघाला. म्हनून बूच बसवलं."

एवढं सांगून त्यानं ते बूच पुन्हा गालात बसवलं आणि कावड उचलली. मला आधी राग आला, कारण मी स्वतःला त्याचा लाडका शागिर्द समजत होतो आणि निघालो होतो त्याच्या बायकोचं औषध. मग शिपायाच्या बोलण्यावर मी मारलेला शेरा आठवला आणि मान वर करवेना. मी एक घागर त्याच्याकडून मागून घेतली. अर्ध्या वाटेत ती परत त्याला द्यावी लागली, पण अर्धी वाट मी ती नेली.

त्या दिवशी मी निश्चय करून पडलो. चार वेळा. एकदा आडवा, एकदा उताणा, दोनदा बसका. दारात काही हालचाल नाही. पाचव्यांदा पडणार तो आतून आवाज आला, तिनं मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य: "मास्तर, खोटं नोका पडू जी. शाळेत पोरायले खोटं चालू देता का?"

म्हणजे पडायचं तर खरंच पडायला हवं होतं, आणि खरं पडायचं तर खरं नाचायला हवं होतं. मी इरेला पेटलो. सेठला विश्वासात घेतलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "मेरे गिरने से कुछ होता हो तो बताओ, मैं रोज गिरूंगा." मी म्हटलं, ठरवून पडून चालत नाही, तुम्ही आपली कोंबडी बघा.

माघ गेला, फाल्गुन गेला. आता सगळ्यांच्याच डोक्यात एकच गोष्ट होती: रोवणीला किती दिवस उरले. मी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेस प्रामाणिकपणे पडत होतो. बाईचं बोट आधी पदरापर्यंत जायचं, मग अख्खा पंजा उचलू लागला. वस्ताद तिच्याकडे बघत नसल्यासारखं करायचा आणि ढोलकी वाजवायचा. एक दिवस त्याचा ठेका चुकला, तर बाजेच्या लाकडावर टक् टक् करून कुणीतरी तो सुधारला. तो उजवा हात होता. वस्तादाचा गाल थरथरला. आत सुपारी दातांवर आपटल्याचा आवाज मी ऐकला.

चैत्रात ती मोठी घटना घडली. कोंबडी चिखलाकडे पळाली आणि सेठ तिच्यामागे. मी तेव्हा चिखलातच होतो. सेठनं मला पाहिलं नाही, कोंबडीनं पाहिलं. ती बाजूला झाली. मग सेठ, मी आणि वेळू असे तिघे जे पडलो त्यानं अर्धा चिखल आंगणात आला. मी वर पाहिलं तेव्हा भागरता हसून हसून वाकली होती आणि पदर तिच्या तोंडावर होता. तो धरला होता उजव्या हातानं. ती हे विसरून गेली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच बोललो नाही, कारण बोललो असतो तर तिला आठवलं असतं. सेठ चिखलात बसूनच माझ्या कानात म्हणाला, "मुर्गी को आज दाना मैं दूंगा."

त्यानंतर बाईनं वस्तादाला विचारलं नाही आणि वस्तादानं तिला सांगितलं नाही. ती आपणच बाजेवरून पाय खाली सोडू लागली. वैशाखात दाराची चौकट धरून उभी राहिली. मृग लागला तेव्हा आंगणाच्या टोकापर्यंत, डाव्या हाताला काठी आणि उजवीकडे शेजारीण असं करून, ती आमचा चिखल जवळून बघायला आली आणि त्यात काठी खुपसून म्हणाली, हा काही रोवणीचा चिखल नाही, यात रोप सडेल. वस्तादानं 'हूं' म्हटलं.

पाऊस चांगला झाला. वस्तादाच्या दोन बांद्यांची रोवणी गावात सगळ्यांच्या शेवटी ठरली, आणि तिच्या शेवटच्या दिवसाला अवघा गाव जमला. एक तर शेवटच्या दिवशी मालकानं सगळ्यांना जेवू घालायची रीत आहे, त्याला बोजारा म्हणतात. दुसरं म्हणजे त्या दिवशी बाया वाटेनं जाणाऱ्या कुणालाही धरून चिखल फासतात, ते बघायला मजा येते. आणि तिसरं, वस्तादाची रोवणी खरंच आली आहे का, हे सगळ्यांना बघायचं होतं. वैद्यही आला होता; त्याला बायांनी आधीच चिखल फासला होता.

आम्ही भागरताला बाजेवर घालून बांदीवर नेलं. बाजेचे पुढचे दोन खूर वस्तादाच्या दोन खांद्यांवर, मागचा एक माझ्या आणि एक हिरालाल सेठच्या. आठ महिन्यांपूर्वी मला दुसऱ्या पायरीवर बसावं लागत होतं आणि सेठला उठवायला दोन माणसं लागत होती. धुऱ्यावर, म्हणजे बांदीच्या बांधावर, बाज टेकवली. वस्ताद तिला धरायला पुढे झाला तर ती म्हणाली, "तुमी धुऱ्यावर राहा." दोघी बायांनी तिला खाली उतरवलं. एकीनं मागून कंबर धरली. डाव्या हातात रोपांची मूठ दिली. बायांनी गाणं धरलं होतं ते आपोआप थांबलं.

तिनं वाकून उजव्या हातानं मुठीतून रोप काढलं. ते हातातून निसटलं. दुसरं काढलं, चिखलात खुपसलं, ते आडवं झालं. वस्ताद धुऱ्यावर उभा, उजवा गाल फुगलेला, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. त्याच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. वीस वर्षांची सवय आतून धडका देत होती आणि तो तिला बाहेर येऊ देत नव्हता. भागरतानं पडलेलं रोप तिथंच सोडलं, सरळ झाली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"थुका ते सुपारी."

त्याला कळलं नाही.

"थुका म्हनते ना. मोजा आता. मी लावून राहिली अन् तुमी मोजून नाही राहिले, त कसं वाटते."

त्यानं सुपारी थुंकली. ती धुऱ्यावरून घरंगळत पाण्यात गेली. बाईनं वाकून तिसरं रोप काढलं, बोटांनी मुळाशी धरलं आणि चिखलात दाबलं. ते उभं राहिलं.

"एक," वस्ताद म्हणाला. तो जुना आखाड्यातला आवाज होता. मी तो कधी ऐकला नव्हता. तलावापलीकडे, दुसऱ्या गावच्या बांदीतल्या बायांनी माना वर केल्या. दोन. तीन. चौथं जरा तिरपं लागलं, तरी त्यानं चार म्हटलं. पूर्वीचा इस्तारी असता तर त्यानं पुन्हा एकपासून लावायला लावलं असतं. पाच. सहा.

सहानंतर तो थांबला. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, पण आकडा येत नव्हता. भागरता सातवं रोप हातात धरून वाकलेली, मान वर करून वाट बघत होती. तिला तो हात फार वेळ तसा धरवणार नव्हता. सेठनं तोंड फिरवलं होतं.

मला त्या आंगणात मोजायची बंदी होती. पण ते आंगण नव्हतं, आणि मी शेवटी मास्तर.

"सात," मी म्हणालो.

सातवं रोप चिखलात उभं राहिलं. आठ त्याचं त्यानंच म्हटलं.